बटणचं ड्रेसिंग

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगतो, आम्ही तिघंही जागेवर आहोत. मी, तुझी आई आणि आपला शेपटीवाला बटण. फोनवर बोलता आलं असतं, पण तुझा फोन आला की आई शेजारी येऊन बसते, आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय तू मध्येच प्रश्न विचारतेस आणि मी सांगायचं ते सोडून भलतंच सांगत बसतो. म्हणून आज दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय आणि कापायच्या टेबलावर कागद पसरून बसलोय. एका गिऱ्हाइकाची पँट आज द्यायचा वायदा होता. दोनदा डोकावून गेला, तोंड वाकडं करून गेला. जाऊ दे. पँटवाचून त्याचं काही अडत नाही, अंगात एक आहे त्याच्या.

सुरुवात बटणच्या नखापासून करतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आपला बाहेरचा लोखंडी जिना तुला आठवतोय ना, जाळीच्या पायऱ्यांचा, ज्यात तुझ्या सँडलची टाच अडकून तू एकदा शेवटच्या चार पायऱ्या बसूनच उतरली होतीस? त्याच जिन्यावर झालं. दुपारची वेळ होती. जेवून आईला वर झोपवलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि खाली येऊन कोटाची काजं करायला बसलो. म्हणजे कडी घातली असं मला वाटलं होतं. मशीनच्या आवाजात मला काही कळलं नाही. आई उठली, केस विंचरून अंबाडा घातला, खांद्याला पर्स लावली आणि घरातल्या स्लिपरा तशाच पायात ठेवून ड्युटीला निघाली. हो, ड्युटीला. ती रिटायर झाल्याला किती वर्षं झाली ते तुलाही ठाऊक आहे. माझ्या पाठीमागून गेली, मला पत्ता नाही. बटणला मात्र कळलं. तो वरून तिच्यामागे धावत सुटला, पुढच्या उजव्या पायाचं नख जाळीत अडकलं आणि बाकीचं अंग तसंच पुढे गेलं.

तसा आवाज मी कुत्र्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कात्री टाकून बाहेर धावलो. नख मुळापासून उलटून आडवं लोंबत होतं, आतलं लाल मांस उघडं पडलं होतं आणि रक्त जाळीतून खालच्या पायऱ्यांवर ठिबकत होतं. एवढंसं नख, पण रक्त किती यावं! मी पाय धरायला गेलो तर त्याने माझ्या मनगटावर दात लावले. चावला नाही, नुसते लावले, पण माझा धीर सुटला. नुसताच ‘बटण, बटण’ करत बसलो. आणि मान वर केली तर कोपऱ्यावर, रस्ता ओलांडायच्या बेतात तुझी आई उभी. मला तोपर्यंत वाटत होतं ती वर झोपलीय. हाक मारायला तोंड उघडलं, पण त्याआधी बटण पुन्हा केकाटला आणि ती मागे वळली.

ठमे, तिचं ते चालणं तू विसरली नसशील. वॉर्डातलं. पावलं छोटी, पण समोरच्याने आपोआप बाजू द्यावी असं. किती महिने मी ते बघितलं नव्हतं. हल्ली ती भिंत चाचपत चालते. तशी चालत आली आणि मला म्हणाली, “सरका. गर्दी करू नका.” गर्दी म्हणजे मी एकटाच. माझ्या गळ्यातली मापाची टेप काढून तिने बटणच्या तोंडाला हलक्या हाताने वेढा दिला, हनुवटीखालून घेऊन कानामागे गाठ मारली. मला फर्मान सुटलं, स्वच्छ कापड आणा, धुतलेलं, बिनरंगाचं. मी अस्तराचं पांढरं कापड आणलं. तिने घडी करून नखावर दाबून धरलं आणि बसून राहिली. रक्त थांबलं का बघावं म्हणून मी वाकलो तर ओरडली, “उचलून बघायचं नाही! बघितलंत की परत सुटतं.” मग कॉर्नफ्लोअर मागितलं, चिमूटभर कापडावर घेऊन पुन्हा दाबलं. आणि हे सगळं करताना बटणशी बोलत होती, “झालं हं राजा. झालंच. शूर आहेस की नाही तू?” तुला टाके घातले तेव्हा ती तुझ्याशी याच आवाजात बोलली होती, मी दाराबाहेरून ऐकलं होतं. आणि याच बाईने त्या दिवशी सकाळी कंगवा हातात धरून, याचं काय करायचं असतं, म्हणून माझ्याकडे बघितलं होतं.

टॅक्सी करून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. चष्मेवाल्या आहेत, तुझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी पाय बधिर करायचं इंजेक्शन देऊन लोंबणारं नख कापलं, जखम धुतली आणि बोटांच्या बेचक्यांत कापूस ठेवून पट्टी बांधली. सांगितलं, नख परत येईल पण सावकाश येईल. पट्टी रोज बदला, ओली होऊ देऊ नका, बाहेर नेताना वरून पिशवी बांधा, बोटं सुजली किंवा गार लागली तर पट्टी घट्ट झाली समजा, वास आला तर लगेच घेऊन या, आणि चाटू देऊ नका. मी एकेक गोष्ट डोक्यात कोंबत होतो. तुझी आई हात पाठीमागे बांधून ताठ उभी होती आणि प्रत्येक वाक्याला “येस, डॉक्टर” म्हणत होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नजरेनेच सांगितलं. त्यांना कळलं. त्या दिवसापासून त्याही तिला सिस्टर म्हणतात.

घरी आल्यावर बटण कण्हायला लागला. मला बघवेना. माझी डोकेदुखीची गोळी काढली, म्हटलं अर्धी देऊ पोळीत घालून. आईने हातावर चापट मारली, चांगली झणझणीत. “डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय माझ्या वॉर्डात गोळी जाणार नाही!” मी गोळी मुकाट खिशात टाकली. नंतर डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, बरं केलंत नाही दिलीत ते, आपली गोळी यांच्या पोटाला विष होऊ शकते. मग त्यांनीच दिलेलं औषध रोज जेवणात कालवून घालायचो. बटण जेवण खायचा आणि गोळी तेवढी चाटूनपुसून ताटलीच्या कडेला ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर स्वयंपाकघरात ओट्यावर स्टीलचा ट्रे मांडलेला. त्यात कापूस, पट्ट्या, चिकटपट्टी, धुवायचं सलाइन, कात्री, सगळं ओळीने. कोणी सांगितलं नव्हतं. आईने कोपरापर्यंत हात धुतले, ते वरच धरले, आणि मला म्हणाली, “मामा, पेशंटला घ्या.”

तुला सांगायला नको, तिच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉयला मामा म्हणायचे. पेशंट धरा, खाट सरकवा, बादली आणा, सगळं मामा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, चेष्टा करतेय. जन्मभर ‘अहो’ म्हणत आली. मी वाट बघितली की आता हसेल. हसली नाही. मग मी बटणला उचलून जुन्या टॉवेलवर आडवा केला आणि डोकं मांडीवर धरलं. काय करणार होतो? अहो असण्याचा हट्ट धरला असता तर पट्टी कोण बदलणार होतं?

तुला खरं सांगू का, ते दिवस चांगले गेले. ऐकायला विचित्र वाटेल, पण गेले. ती सकाळी आपणहून आंघोळ करायची, राऊंडच्या आधी तयार पाहिजे म्हणून. जेवायची, कारण ड्युटी मोठी होती. जुनी पट्टी काढताना चिकटली असली तर ओढायची नाही, सलाइनने भिजवून सुटू द्यायची. आणि तोपर्यंत मला शिकवायची. गोल गोल गुंडाळताना प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा यायला हवा. शेवटची दोन बोटं बाहेर दिसायला हवीत. पट्टीखाली आपलं बोट जायला हवं. मी आयुष्यभर लोकांच्या कमरा मापल्या, पण सैल आणि घट्ट यातला फरक मला तुझ्या आईने कुत्र्याच्या पायावर शिकवला. मीही मग पट्टीवर घालायला एक मोजा शिवला, रेनकोटच्या कापडाचा, आत मऊ अस्तर, वर नाडी. तिने उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, “मामा, टीप सरळ आहे तुमची.” ठमे, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या शिलाईला तिने पहिल्यांदा चांगलं म्हटलं! आणि बटणच्या गळ्यात ते प्लास्टिकचं मोठं नरसाळं. दाराच्या चौकटीला धडकायचा, मागे सरकायचा, पुन्हा तिथेच धडकायचा. आई आणि मी हसून हसून बेजार व्हायचो. हसताना ती अगदी पूर्वीसारखी माझ्या दंडाला धरायची. मग हात काढून घ्यायची. मामाच्या दंडाला हात लावला म्हणून.

एकदा पट्टी झाल्यावर दोघं गॅलरीत बसलो होतो. बटण मध्ये. ती म्हणाली, “मामा, तुम्ही माणूस चांगले आहात. पेशंट नीट धरता. लग्न झालंय का तुमचं?” मी म्हटलं, झालंय. “बायको काय करते?” मी म्हटलं, नर्स आहे. “तरीच,” ती म्हणाली, “म्हणून हात स्वच्छ असतात तुमचे.” मग जरा वेळाने म्हणाली, “तिला लवकर घरी जाऊन मदत करत जा. आमच्या पायांत दिवस संपेपर्यंत जीव राहत नाही.” मी बरं म्हटलं. उठून आत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

बटणची जखम भरली. भरायचीच होती, आम्ही त्यासाठीच तर धडपडत होतो. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, बोट दाबून बघितलं, नरसाळं काढलं. टोकाला नखाचा नवा काळा कोंब दिसत होता. म्हणाल्या, आता मोकळं ठेवा, हवा लागू दे. येताना मी खुशीत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ट्रे घेऊन आली. बटण शेपूट हलवत समोर, पाय उघडा. ती बघत राहिली. “पेशंट कुठाय?” म्हणाली. मी म्हटलं, बरा झाला, घरी गेला. तिने मान हलवली, ट्रे ओट्यावर ठेवला, मग परत उचलला, मग खुर्चीत बसून मांडीवर घेतला. दुपारपर्यंत तशीच होती. जेवण समोर ठेवलं तर चमचा ट्रेमध्ये कात्रीशेजारी ओळीने लावला. संध्याकाळी तिला बाथरूमचं दार सापडेना. कपाट उघडून उभी होती बिचारी. मी तिला धुतलं, कपडे बदलले. ती सारखी माफी मागत होती, कोणाची ते तिला माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी मी तिच्याआधी उठलो आणि बटणच्या बऱ्या झालेल्या पायाला पट्टी बांधली. तिने शिकवलेली, अर्ध्यावर अर्धा फेरा. ती आली, ट्रे ठेवला, हात धुतले. “मामा, पेशंटला घ्या.” तेव्हापासून रोज हेच चाललंय. ती ट्रे घेऊन आत गेली की मी पट्टी सोडतो, दिवसभर पाय मोकळा ठेवतो, सकाळी पुन्हा बांधतो. डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं, कारण मुक्या जनावराला त्रास नको. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाल्या, सैल बांधा, कोरडी ठेवा, थोडाच वेळ ठेवा, आणि पाय अधूनमधून बदला. तर आता कधी उजवा, कधी डावा. तिच्या ते लक्षात येत नाही. बटणच्या मात्र सगळं लक्षात आलंय. सकाळी तो आपणहून टॉवेलवर येऊन आडवा होतो आणि पाय पुढे करतो. वर लबाड इतका की ती बघत असली की लंगडतो. ती वळली की चारही पायांवर टुणटुणीत. मी त्याला म्हटलंसुद्धा, गाढवा, तुझ्याइतकं नाटक मला जमलं असतं तर बरं झालं असतं.

आता हे सगळं तुला का लिहितोय ते. तुझी रजा मंजूर झाली, तिकीट काढलंस, हे तू परवा फोनवर सांगितलंस तेव्हा आई किती छान बोलली तुझ्याशी. ये ये, म्हणाली, जेवलीस का, म्हणाली. तुला बरं वाटलं, ते तुझ्या आवाजावरून कळलं मला. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, “कोण हो ती बाई? गोड बोलते.” मी म्हटलं, अगं, आपली ठमी. ती हसली, “काहीतरीच, ठमी शाळेत गेलीय.” मी तुझा नवा फोटो काढून दाखवला, पुन्हा पुन्हा सांगत राहिलो, आणि मग ती घाबरली. माझी मुलगी कुठे आहे, एवढीशी आहे ती, काय केलंत तिचं, म्हणून जिन्यावर जाऊन तुला हाका मारायला लागली. खूप वेळाने शांत झाली. मी पुन्हा तिला तसं सांगणार नाही, आणि तूही सांगू नकोस. दारात येऊन तू ‘आई’ म्हणालीस तर तिला तशीच भीती वाटेल, आणि ती तुला बघवणार नाही. म्हणून माझं ऐक. या खेपेला मुलगी म्हणून येऊ नकोस, नवीन शिकाऊ नर्स म्हणून ये. केस बांध, नखं काप, हातातलं घड्याळ काढून ठेव, ती तपासते. म्हण, सिस्टर, मला ड्रेसिंग शिकवा. नवीन मुलींवर तिचा फार जीव असायचा. पट्टी किती दाबायची ते शिकवताना ती आपला हात तुझ्या हातावर ठेवेल, बराच वेळ ठेवेल. काम झालं की ती तुला तिच्या मुलीबद्दल सांगायला लागेल, मला रोज सांगते. हट्टी आहे पण खोटं बोलत नाही, अंगात ताप असला तरी आईची ड्युटी बुडू नये म्हणून सांगत नाही, देवाने दुसरी तशी घडवली नसेल, असं सगळं. तोंडावर तिने तुझं कधी कौतुक केलं नाही, डोक्यात हवा जाईल म्हणून. आता ती ते पोटभर करेल. तेव्हा मध्ये बोलू नकोस, ती मीच असं म्हणू नकोस. विचार, किती मोठी आहे हो तुमची मुलगी, आणि ऐकून घे. मी बटणचा पाय धरून शेजारीच बसलेला असेन.

तुझाच,
बाबा